पलीकडचं पाणी

कोलंबसाचा मला राग येतो. इतिहासाची मी काही मोठी अभ्यासक नाही, सातवीच्या पुस्तकात होतं त्याहून मला त्याच्याबद्दल फारसं ठाऊकही नाही. पण 'त्याने अमेरिकेचा शोध लावला' हे वाक्य कानावर पडलं की आजही माझं डोकं सणकतं. जिथे माणसं चुली पेटवत होती, पोरंबाळं वाढवत होती, ती जागा म्हणे कुणीतरी येऊन शोधून काढली. हरवली होती का ती? मागच्या आठवड्यात नातीच्या शाळेतून प्रकल्प आला, 'जगातील थोर शोधक आणि संशोधक', आणि आमच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये डिंक, कात्री आणि दुकानातून आणलेली दाढीवाल्या पुरुषांची रंगीत चित्रं, असा पसारा मांडला गेला. नात म्हणाली, आजी, तू पण केला होतास का गं असा प्रोजेक्ट? मी म्हटलं, केला होता, पहिला नंबर आला होता. तिने टाळ्या वाजवल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. सुनेने विचारलं, आई, काही बोललं का कुणी? आता उभ्या उभ्या तिला काय सांगायचं? बसून सांगायला हवं, आणि रागावल्याशिवाय मला ते सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची वाडी गिरीजला. वाडी म्हणजे मधोमध घर आणि चहूबाजूंनी केळी, नारळ, भाजीचे वाफे. आमच्याकडे त्याशिवाय पानमळा होता, विड्याच्या पानांचा. वाडी वडिलांच्या नावावर होती, पण चालवायची आत्या. हिराआत्या ही वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याच्या घरून ती दोनदा परत आली, तिसऱ्यांदा गेलीच नाही, आणि का म्हणून तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. वडील होळी नावाच्या जवळच्या बाजारात भाजी पोचवायचे, माणसांशी गोड बोलायचे, आणि घरात काही ठरवायची वेळ आली की आत्याच्या तोंडाकडे बघायचे. आई रविवारी ओल्या बोंबलांचं भुजणं करायची. सगळा मसाला कच्चाच कालवून पातेलं चुलीवर ठेवायचं आणि मग त्याला पळी लावायची नाही, नुसतं धरून हलवायचं. तो हिरवा वास आणि मांडवावर वाळत घातलेल्या सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, गोड, चिकट वास एकमेकांत मिसळलेले असायचे. पहाटे रहाट सुरू व्हायचा. रेडा फिरायचा, लाकूड कुरकुरायचं, पोहरे एकामागून एक पन्हळीत रिकामे व्हायचे. तो आवाज थांबला की मला जाग यायची, सुरू असताना कधी आली नाही.

पाण्यावर आमच्याकडे जेवढं बोलणं व्हायचं तेवढं माणसांवरही होत नसे. खाडी जवळ, समुद्र जवळ, जमिनीखाली खारं. आमच्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखलं खोदून ठेवलेली. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. हे मी आता शिकलेल्या बाईसारखं लिहिते आहे. आत्या एवढंच म्हणायची, "गोडं वर बसलंय, खारं खाली बसलंय. वरच्याला जास्त हलवू नको, खालचं उठायचं नाय." विहीर खोदताना शिंपल्यांचा थर लागला की फावडं टाकायचं, हा नियम होता. शिंपल्याखाली कुणी जायचं नाही, जावई मागत असला तरी नाही. आत्या रोज सकाळी विहिरीतलं ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, डोळे मिटून क्षणभर ठेवायची, थुंकायची आणि निकाल द्यायची. आज हलकं आहे. आज जड आहे. आज रुसलंय, रेडा सोडा. पानवेलीला खारं सोसत नाही, पानाची कड करपते, म्हणून मळ्याला पाणी किती द्यायचं ते तिच्या जिभेवर ठरायचं. शेजारपाजारचे लोकही लोटीत पाणी घेऊन यायचे आणि पायरीवर ठेवून म्हणायचे, हिरा, जरा बघ. ती चाखायची आणि सांगायची.

आणखी एक शब्द आमच्या घरात होता: 'पलीकडे'. आत्या कुठे आहे? पलीकडे गेली आहे. पलीकडचं कसं आहे? आहे बरं. कशाच्या पलीकडे, ते कुणी सांगत नसे. आम्हा मुलांना एवढंच माहीत होतं की केवड्याच्या बनामागे जनावर आहे आणि तिकडे जायचं नाही. पाडवा झाला, विहिरींनी तळ दाखवला, की चार घरांतली एकेक थोरली बाई उजाडायच्या आत तिकडे जायची आणि हंडा भरून यायची, कुणाशी न बोलता. पुढे कळलं ते असं, की ते चार वाड्यांनी मिळून राखलेलं बावखल होतं. पाडव्याआधी त्यातलं पाणी काढायचं नाही, त्यावर रहाट बांधायचा नाही, हंड्यानेच न्यायचं, आणि त्याचं नाव घ्यायचं नाही. सांगितलेलं पाणी राहत नाही, असं ही मंडळी मानायची. आज कुणी याला अंधश्रद्धा म्हटलं तर म्हणू दे. मला त्यात श्रद्धा कमी आणि अक्कल जास्त दिसते.

सातवीत दातार सर आम्हाला इतिहासाला आले. देशावरचे, तरुण, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहणारे. शिकवायचे मन लावून, हे मी नाकारत नाही. त्यांनी जाहीर केलं की स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एका थोर शोधकावर वही आणि तक्ता करायचा. आदल्या वर्षी म्हणे चाळीस वह्या आल्या आणि चाळीसही वह्यांत लायब्ररीतल्या एकाच पुस्तकाचं एकच पान होतं. ते फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "नक्कल मला नको. शोध म्हणजे जे तुमच्याआधी कुणी कागदावर मांडलेलं नाही ते. तुमच्या वहीत अशी एक तरी गोष्ट असली पाहिजे." हे वाक्य मला पाठ आहे. कागदावर नाही म्हणजे ते जगात नाही, असा त्याचा अर्थ होतो, हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मात्र ते मला फार आवडलं.

नावं हजेरीच्या क्रमाने वाटली. पहिल्याच मुलाने कोलंबस उचलला. फिलोमिनाने वास्को द गामा घेतला, कारण तिच्या डॅडींनी थर्माकोलचं गलबत करून द्यायचं कबूल केलं होतं. मी हजेरीत शेवटून दुसरी. माझ्यापर्यंत येईतो ध्रुव संपले होते, आफ्रिका संपली होती, वाफेचं इंजिनसुद्धा कुणीतरी नेलं होतं. सर म्हणाले, तुला कोण हवा? मी म्हटलं, माझी आत्या. वर्ग हसला. सर हसले नाहीत, आणि मला आज वाटतं की तेही हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, ती कसला शोध लावते? मी म्हटलं, पाण्याचा. ते म्हणाले, लिही.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे सांगायलाही मला राग येतो. मी शाळेतून आले की दप्तर टाकून वही घ्यायचे आणि आत्याच्या मागे निघायचे. तिने आधी मला वेड्यात काढलं, मग ती रंगली. गावातल्या विहिरी आणि बावखलं तिने मला एकेक करून दाखवली. लिंबाखालची, दोन भावांची, फुटक्या कठड्याची, अशी त्यांची नावं. मी रकाने आखले: खोली किती हात, शिंपला कितव्या हातावर, अमावास्येची चव, पौर्णिमेची चव. ती मला चाखायला शिकवायची. जिभेच्या शेंड्यावर नको, मागे ने, गिळू नको, थांब, आता सांग. पहिल्यांदा मला सगळंच पाणी पाण्यासारखं लागलं. मग एका संध्याकाळी फुटक्या कठड्याच्या विहिरीपाशी मी म्हटलं, हे जरा जड आहे, आणि तिने माझ्या पाठीत धपाटा घालून सांगितलं की आता तू माझी. तिच्याबद्दल कुणी कधी काही लिहिलं नव्हतं. ती वाचायला शिकली नव्हती, पण रात्री जेवताना मला वही उघडायला लावायची आणि म्हणायची, वाच, मी काय सांगितलं ते वाच.

दहा पाणी तिने सांगितली. अकरावं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, आत्या, पलीकडे काय आहे? तिने एकदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, दुसऱ्यांदा म्हणाली, "ते नाय लिहायचं." मी बारा वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात दातार सरांचं वाक्य होतं. दहा विहिरी गावाला माहीत होत्या. त्यात माझं काय? एका सकाळी ती घराबाहेर पडली तशी मी तिच्या मागून निघाले, चप्पल हातात घेऊन. केवड्याच्या काट्यांतून वाकून जायची एक वाट होती. आत उंडीची झाडं, त्यांच्या सावलीत काळंभोर, स्थिर पाणी. आत्या काठावर बसली. पाण्यावर पडलेली पानं तिने हाताने गोळा करून बाजूला टाकली, एक बोट बुडवून जिभेला लावलं, हात जोडले आणि निघून गेली. ती गेल्यावर मी खाली उतरले आणि दोन्ही हातांनी पाणी प्याले. तसं पाणी मी पुन्हा कधी प्याले नाही. तिने मला शिकवलेल्या जिभेनेच ते मला कळलं. काठावरचा एक लांब बांबू गाळात रोवून मी खोली मोजली; शिंपला नऊ हातांवर लागला. घरी येईपर्यंत मला धाप लागली होती ती पळण्याने नव्हे, आनंदाने. कुणालाही न सांगता मी काहीतरी शोधून काढलं होतं, आणि कोलंबसालाही किनारा दिसला तेव्हा असंच काहीतरी झालं असणार.

तक्ता मी मोठ्या ड्रॉइंग पेपरवर केला. वाड्या हिरव्या, खाडी निळी, विहिरी काळे ठिपके. अकराव्या जागी लाल वर्तुळ काढलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'या बारमाही गोड पाण्याचा शोध प्रस्तुत विद्यार्थिनीने स्वतः लावला आहे.' सरांनी ते वाचून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तक्ता शाळेतच राहिला, आत्याने तो पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी तिला वाचता आलं नसतं. लाल वर्तुळ मात्र तिला नक्की समजलं असतं.

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून शाळेच्या कमिटीतला नाना आला. आम्ही त्याला अहोजाहो करायचो. इथे करणार नाही. तो कुणी परका नव्हता. आमच्याच गावचा, आमच्या भाऊबंदांतला, लग्नकार्यात पुढच्या पंगतीला बसणारा. स्टेशनच्या बाजूला ज्या नव्या इमारती उठत होत्या त्यांतल्या दोन-तीन त्याच्या होत्या. कोलंबसापाशी तो दोन मिनिटं थांबला, गलबताचं कौतुक केलं आणि माझ्या तक्त्यापाशी येऊन उभा राहिला तो हलेचना. दोन्ही हात मागे बांधून त्याने सगळं वाचलं. मग इतक्या मायेने बोलायला लागला की मी फुलून गेले. हे लाल कुठलं, बाळ? वाट कुठून आहे? वैशाखात टिकतं? खोली कशी मोजलीस? मी सगळं सांगितलं, बांबूसकट. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या आस्थेने मला आयुष्यात प्रथमच काही विचारलं होतं. पहिलं बक्षीस मला मिळालं, नवी कोरी कंपासपेटी, त्याच्या हातून. तक्ता त्याने गुंडाळून काखेत घेतला. म्हणाला, हा माझ्या ऑफिसात लावतो, चार लोकांनी बघितला पाहिजे. सरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आईने आनंदाने उंबर तळले. उंबर म्हणजे गूळ घातलेले गोल वडे, ते आमच्याकडे सणालाच होतात. मी खाता खाता सगळं सांगत होते. आत्या समोर बसून केळीच्या सोपटाचे दोर वळत होती. मी लाल वर्तुळावर आले तशी तिचे हात थांबले. "पलीकडचं पन काढलंस?" तिने विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. तिने दोर खाली ठेवला, उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती नानाकडे तक्ता मागायला गेली. त्याने तिला खुर्ची दिली, चहा दिला, हिराताई म्हणून विचारपूस केली, आणि तक्ता फ्रेम करायला टाकला आहे असं सांगितलं. ती फ्रेम अजून व्हायची आहे.

पुढचं सगळं झटपट झालं. केवड्याच्या बनाची ती पट्टी कागदोपत्री कुणाची, हे चार वाड्यांतल्या कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पाहण्याची गरज पडली नव्हती. पाणी सगळ्यांचं होतं, म्हणजे जमीनही असेल. सातबारावर नाव निघालं परळला जाऊन राहिलेल्या एका कुटुंबाचं. नानाने ते शोधलं, आणि महिन्याभरात ती पट्टी विकतही घेतली. शिमग्याच्या सुमाराला केवडा तोडून गाडीरस्ता झाला. बाहेरगावची माणसं खोदायला आली. आत्या रोज काठावर जाऊन उभी राहायची. ज्या दिवशी शिंपला लागला त्या दिवशी ती ओरडली, थांबा, खाली जाऊ नका. मुकादम चांगला माणूस असावा, त्याने तिला हात जोडले आणि सांगितलं की मालकाने अजून पंधरा फूट सांगितलंय. मग शिंपले वर यायला लागले, पाट्याच्या पाट्या. रस्त्याकडेला त्यांचा पांढरा ढीग झाला आणि गावातली पोरं त्यावर खेळायला लागली. इंजिन बसलं. दिवसभर त्याची धडधड, आणि रांगेने उभे राहिलेले टँकर. रहाटाचा आवाज त्यात ऐकू येईनासा झाला, आणि पुढे त्याची गरजही उरली नाही.

वडील एकदा, फक्त एकदा, नानाकडे बोलायला गेले. इंजिन बंद करा म्हणायचीही त्यांना हिंमत झाली नाही. दिवसाआड चालवाल का, एवढंच विचारायला ते गेले होते. परत आले, पायरीवर बसले, आईने पाणी दिलं ते प्याले आणि नाना काय म्हणाला ते आम्हा सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं: "जमीन माझी, पानी माझं. आणि मी काय चोरून शोधलं? तुझ्याच पोरीने कागदावर लिहून दिलं." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आईने पाहिलं नाही. आत्याने पाहिलं आणि म्हणाली, जा, अभ्यास कर. मला त्या क्षणी कुणीतरी बदडायला हवं होतं. कुणी बोटसुद्धा लावलं नाही, आणि त्या घराचा मला त्याबद्दल अजून राग आहे.

वैशाखात एका सकाळी आत्याने आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकायच्या ऐवजी गिळलं. खात्री करून घ्यायला असेल. आठवड्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं आखडली. तीस वर्षांच्या वेली होत्या, काही तिच्या आईने लावलेल्या. पावसात वेलींनी जरा उभारी धरली, लोक म्हणाले होईल ठीक, पण दिवाळी झाली, उधाण आलं, आणि खोदलेल्या खड्ड्यातून खाडी पुन्हा वर चढली. तेव्हा ती कोयता घेऊन मळ्यात गेली आणि वेली बुडातून कापल्या. मजूर लावला नाही, वडिलांना हात लावू दिला नाही. दुपारी जेवायला आली तेव्हा तिचे हात हिरवे झाले होते आणि ते धुवायला आमच्याकडे गोडं पाणी नव्हतं.

आठवीत पुन्हा प्रदर्शन आलं, आणि पाहुणा पुन्हा नाना. मी काय करणार हे मी आठ दिवस आधी ठरवलं होतं. आमच्या बाजूला दारी आलेल्याला गूळ आणि पाणी देतात. शाळेतही पाहुण्यांना तेच, आणि पहिल्या नंबरवाली म्हणून ते काम माझ्याकडे. घरून मी बाटली भरून नेली. ग्लासात ओतलं, ट्रेमध्ये गुळाचा खडा ठेवला आणि नानापुढे धरलं. त्याने गूळ तोंडात टाकला, मोठा घोट घेतला आणि थांबला. तो गावचाच माणूस. पाणी कुठलं आहे हे त्या एका घोटात त्याला समजलं, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं होतं तो थुंकेल, ओरडेल, लोक विचारतील, मी सांगेन. त्याने घोट गिळला. उरलेलं पाणी शेजारच्या कुंडीत हळूच ओतलं आणि म्हणाला, "बाळ, पाणी बदलून आण." शिपायाने पिंपातलं दुसरं आणलं. नाना ते सगळं प्याला. शाळेचं पिंप त्याच्याच टँकरने भरायचं, आणि ते पाणी गोड होतं. अकरावं नासल्यावर त्याने फुटक्या कठड्याची विहीर धरली होती, नंतर दोन भावांची. माझ्या तक्त्यात अजून बरीच होती.

दातार सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी त्यांना सगळं सांगितलं, रडून नव्हे तर चिडून. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले की हे मोठ्या माणसांचे व्यवहार आहेत, अभ्यासात असं काही आणू नये, तुझी वही मात्र उत्तम होती. त्यांच्या इमारतीला टँकरचंच पाणी होतं. त्यांनाही सकाळी आंघोळ करून शाळेत यायचं होतं. हे मला समजतं, पण मी त्यांना माफ केलेलं नाही.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. आत्या पायरीवर बसली होती. मला वाटलं, आता तरी पाठीत धपाटा पडेल, शाबास म्हणून. ती म्हणाली, "तहानेल्याला वाईट पानी दिलंस? आपल्या घरातून?" मी म्हटलं, आत्या, नाना होता तो. ती म्हणाली, कुणी का असेना. आणि मग वर्षभरात पहिल्यांदा माझ्यावर तिचा आवाज चढला. तिने मला हाताला धरून विहिरीपाशी नेलं, लोटीभर पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "चाख. मागे ने, गिळू नको. आता वही आन, आणि हेपन लिही. गोडं होतं तवा धावत लिहिलंस ना?" मी वही आणली. रकाना उघडला. पेन हातात धरून उभी राहिले आणि माझ्याने एक अक्षर लिहवेना. मी ती वही विहिरीत फेकली आणि केळीत पळून गेले. कंपासपेटी मात्र मी दहावीपर्यंत वापरली, हेही लिहायला हवं.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पाणी चाखायला लोक येईनासे झाले, चाखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पुढे ते बावखल भरावाने बुजवलं. आता त्यावर सात मजली इमारत आहे आणि तिच्या दारात टँकर उभा असतो. आमच्या बोळिंजच्या दारातही असतो. नाना वारला तेव्हा त्याच्या नावाचा फलक शाळेच्या पाण्याच्या टाकीवर बसला. टाकी त्याच्या मुलांनी दिली. लोक मला समजावतात, अगं, तू बारा वर्षांची होतीस. होते. नाना बारा वर्षांचा नव्हता. दातार सर नव्हते. पण आत्याने सांगितलं होतं, ते नाय लिहायचं, आणि ते ऐकलं होतं मी, त्यांनी नव्हे.

नातीचा तक्ता काल पुरा झाला. कोलंबस मधोमध चिकटवला आहे. ती झोपल्यावर मी तिच्या प्रोजेक्टच्या वहीतलं एक कोरं पान फाडून घेतलं. मला हे रकाने अजून तोंडपाठ आहेत. क्रमांक अकरा. नाव, पलीकडचं. शिंपला नऊ हातांवर. अमावास्येची चव, खारी. पौर्णिमेची चव, खारी. शोध कोणी लावला, मी.